ओढपट्टी

दोरा वितळला नाही, जळला. मावशींनी दुसरी काडी ओढली आणि चिमट्यात त्याच काळ्या दोऱ्याचा दुसरा तुकडा धरला. नायलॉनचा असता तर आकसून त्याचा टणक मणी झाला असता. याची राख झाली आणि शिलाई मशीनच्या फळीवर पडली.

"अहो, जरा इकडे या."

नवरा आतून वर्तमानपत्र हातात घेऊनच आला. "काय जाळतेस सकाळी सकाळी?"

"हा सुती आहे."

"बरं, मग?"

"मग काय? सुती दोरा पाण्यात कुजतो. लांब्याची पट्टी मी सुती दोऱ्यानं शिवली."

नवऱ्यानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि समोरच्या स्टुलावर बसला.

मावशींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तीस वर्षं तिथे शाळेचे गणवेश, पडदे, चेन बदलणं असली कामं चालायची. नऊ वर्षांपूर्वी शाळेतल्या पीटीच्या बाई जाड रबरी कापडाचं काहीतरी फाटकं घेऊन आल्या. "याला स्कर्ट म्हणतात मावशी, कयाकमध्ये, म्हणजे त्या अरुंद होडीत, बसताना घालतात." वरून कंबरेला घट्ट, खाली घेर, आणि घेराच्या कडेला रबरी दोरी. कयाकमध्ये बसलं की ही कडा बसायच्या भोकाभोवती ताणून बसवायची. पाण्याचा थेंब आत जात नाही. पुढच्या बाजूला हातात मावेल एवढी एक पट्टी. कयाक उलटली आणि सरळ करता आली नाही, तर ती पट्टी ओढायची. स्कर्ट निघतो, माणूस बाहेर येतो.

मावशींनी ते शिवून दिलं. नंतर नवेही बेतले. डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यात कयाक घालणारी ती दहा-बारा मंडळी. ओढा एरवी नुसता दगडांचा. वर चांगला पाऊस झाला की चार-पाच तास भरून धावायचा. तेवढ्यात ही माणसं हातातली कामं टाकून पळायची. मावशींचा नवरा म्हणायचा, "भले भले बाप्ये हिच्याकडून स्कर्ट शिवून घेतात." मावशींनी कधी तो ओढा भरलेला पाहिला नव्हता. पाऊस असला की त्यांना वाळत घातलेल्या कपड्यांची काळजी.

लांब्या त्या मंडळींत सगळ्यात सराईत. विजेच्या खांबांवर चढायची नोकरी, उंची अशी की त्याचा स्कर्ट बेतायला जादा कापड लागायचं. वीस दिवसांपूर्वी तिसऱ्या धबधब्याखाली त्याची कयाक उलटली आणि दगडात अडकली. पाण्याखाली डोकं खाली असताना त्याचा उजवा खांदा खडकावर आपटून निखळला. कसाबसा बाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. आज सकाळी पीटीच्या बाई त्याचा स्कर्ट मावशींकडे टाकून गेल्या. "पट्टी तुटलीय. झिजली असेल. नवीन लावून ठेवा, दुसऱ्या कुणाला होईल."

पट्टी झिजलेली नव्हती. एका टोकाचा टाका उसवून गेला होता.

"त्या आठवड्यात गणवेशांची घाई होती," मावशी म्हणाल्या. "जाड दोऱ्याचं रीळ मध्येच संपलं. म्हटलं, काळा तो काळाच. आणायला कोण जातंय."

"कुणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"बाई स्वतःच म्हणाल्या ना, झिजली असेल?"

"त्यांना काय कळतंय शिवणातलं!"

नवऱ्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "तू सांगितल्यानं त्याचा खांदा बरा होणार आहे का?"

 मावशींनी फळीवरची राख ओल्या बोटानं टिपली, चप्पल घातली आणि बाहेर पडल्या.

लांब्या दोन गल्ल्या पलीकडे, वरच्या मजल्यावर एकटाच राहायचा. दार उघडंच होतं. उजवा हात गळ्यातल्या झोळीत आणि डाव्या हातानं तो कांदा कापायच्या खटपटीत होता. कांदा पाटावरून निसटून सारखा खाली पडत होता.

"सर बाजूला," म्हणत मावशींनी सुरी घेतली. कांदा चिरून पाटावरच बाजूला केला. मग मावशी म्हणाल्या, "तुझी पट्टी झिजली नव्हती. मी चुकीचा दोरा वापरला होता. सुती. आज तपासून पाहिला."

लांब्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

"म्हणजे मी ओढली होती?"

"ओढली असणारच. त्याशिवाय टाका असा उसवत नाही."

"मावशी, नीट सांगा. मी ओढली होती?"

"हो रे बाबा."

त्यानं डाव्या हातानं चेहरा चोळला. "मला वाटत होतं मी घाबरलो. वाटलं, हात नुसता इकडे तिकडे मारला, पट्टी धरलीच नाही. वीस दिवस झाले, झोप लागत नाही. सोळा वर्षं ओढ्यात उतरतोय आणि ऐन वेळेला माझे हातपाय गळाले, असं धरून बसलो होतो. शेवटी कडेत बोटं घालून स्कर्ट काढला. त्यात खांद्यावर दुसऱ्यांदा आपटलो." तो थांबला. मग आवाज चढला. "खांबावर चढायचं बंद, माहितीय का? डॉक्टर म्हणाले, हा हात डोक्याच्या वर नेऊन आता जोर लावता येणार नाही. कधीच. ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायला बसवणार आहेत मला!"

"माझ्यामुळे," मावशी म्हणाल्या.

"तुमच्यामुळेच!"

मावशी उभ्याच राहिल्या. त्यांना वाटलं, तो जा म्हणेल. त्यानं खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिलं.

"बाकीच्यांचे तपासलेत?" त्यानं विचारलं.

"आता तेच करणार आहे."

"आजच करा. परवा पाऊस सांगितलाय."

मावशींनी कढईत तेल घातलं, कांदा परतून दिला आणि घरी आल्या. पीटीच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून नुसतं "अरे देवा" ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत, काहींचे जादाचे धरून, चौदा स्कर्ट दुकानात येऊन पडले. मावशींनी प्रत्येकाचा एक टाका काढून जाळून पाहिला. आणखी दोन सुती निघाले. त्यांनी सगळ्याच पट्ट्या उसवल्या आणि नव्या दोऱ्यानं पुन्हा शिवल्या, आधी चौकोन, मग त्यात फुली. नवरा न सांगता सुया ओवून देत होता.

स्कर्ट न्यायला पीटीच्या बाई आल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, "मला एकदा उलटं करा."

"काय करा?"

"कयाकमध्ये बसवून उलटं करा. पट्टी मी ओढून बघणार."

"मावशी, अहो वय काय तुमचं!"

"अठ्ठावन्न. पाणी विचारणार आहे का?"

तिसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत वर पाऊस झाला. ओढा जिथे सपाटीला येतो तिथल्या शांत डोहात मावशींना कयाकमध्ये बसवलं. बाईंची ट्रॅक पँट पायाशी चार घड्या घालून चढवलेली, डोक्यावर हेल्मेट. काठावर लांब्या झोळी घालून उभा होता. तो येईल असं मावशींना वाटलं नव्हतं.

"मोजे घाला हातात," तो म्हणाला. "आम्ही मोजे घालूनच असतो."

कुणीतरी लाल हातमोजे दिले. छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "करू?"

"करा."

जग फिरलं आणि नाकात गार पाणी घुसलं. कानात नुसता गडगडाट. काही दिसेना. पाय आत अडकलेले, छाती दाबलेली. आपला हात कुठे आहे हेच मावशींना कळेना. मग तो पोटावर सापडला. तिथून कापड चाचपत तो पुढे नेला. पट्टी लागली, मोज्यातून निसटली, पुन्हा लागली. त्यांनी आधी पुढे आणि मग वर हिसडा दिला. स्कर्ट सुटला.

त्या खोकत वर आल्या. बाईंनी काखेत हात घालून धरलं.

"पट्टी गुळगुळीत आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. "मोज्यात घसरते. वरून खरखरीत कापड लावायला हवं. पुन्हा एकदा करू."

दुसऱ्यांदा त्या लवकर सुटल्या. काठावर नवरा टॉवेल घेऊन उभा होता. तो फक्त म्हणाला, "झालं समाधान?" त्यांनी केस पुसत मान हलवली, पण ती होकारार्थी की नकारार्थी हे त्याला कळलं नाही.

मंडळी कयाक खांद्यावर टाकून पायवाटेनं वर गेली. लांब्या धबधब्याखालच्या खडकावर जाऊन उभा राहिला. कुणी पाण्यात सापडलंच तर फेकायला डाव्या हातात दोरीची पिशवी. मावशी ओल्या कपड्यांनीच त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पाणी एवढा आवाज करतं हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"बघा, येतील आता," लांब्या ओरडून म्हणाला. "आधी बाई."

वरच्या वळणावर पिवळी कयाक दिसली. दोन दगडांमधून डावीकडे वळली, कड्यावर क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि कोसळली. फेसात नाहीशी झाली.  कयाक खालच्या बाजूला वर आली, वल्हं दोनदा फिरलं आणि बाई काठाला लागल्या. मग दुसरी आली. मग तिसरी.

मावशींनी लांब्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष पाण्यावर होतं. दोरीची पिशवी घट्ट धरलेली होती. कयाक वळली की त्याची कंबर तेवढीच वळत होती, आणि ती कड्याशी आली की झोळीतली बोटं मिटत होती. त्याला ते ठाऊक नसावं.

मावशींनी नजर वळवली आणि चौथी कयाक यायची वाट बघत राहिल्या.