आतल्या बाजूचा वायसर

आप्पा गेल्यानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये मी बेळगावहून गावी आले ते ट्रॅक्टर मोडीत जायच्या आधी एकदा पाहून घ्यायला. आमच्या वस्तीतली जयंतीची मिरवणूक दर वर्षी आप्पांच्या ट्रॅक्टरमागून निघायची. दुसऱ्यांच्या तंबाखूत राबून त्यांनी घेतलेला तो वस्तीतला पहिला ट्रॅक्टर. यंदा धाकट्या भावाने, बुद्धप्रियने, फोनवर सांगितलं होतं, "आक्का, पंप गेलाय. डिझेल थांबतच न्हाय. आता मोडीतच घालाय पायजे." मी रडले आणि बरं म्हणाले.

निपाणीचा मोडीवाला शामू गॅसकटर घेऊन अंगणात येऊन बसला होता. त्याचा चहा होईपर्यंत मी पाना घेतला. पंप खरंच डिझेलने माखला होता. पण डिझेल दिसतं तिथूनच ते गळतं असं नाही, हे आप्पांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं होतं. मी फिल्टरपासून पंपापर्यंत सगळं फडक्याने कोरडं पुसलं आणि घरातून ज्वारीचं पीठ आणून वर भुरभुरलं. आप्पा असंच करायचे.

"बाई कॉलेजात शिकवत्यात म्हणं," शामू म्हणाला. "आन् हितं इंजिनावर भाकरी थापाय लागल्यात."

"पीठ कशाला नासतीस, आक्का?" बुद्धप्रिय म्हणाला. तो हसला नव्हता.

मी हाताने डिझेलचा दाब द्यायला लागले. पंपावरचं पीठ कोरडंच होतं. वर, फिल्टरला नळी जोडणाऱ्या बोल्टाशी आधी एक बारीक ओली रेघ उमटली आणि ओघळत ओघळत पंपावर आली.

मी बोल्ट सोडला. तिथे नळीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर, गळती अडवणारी चकती, असतो. बाहेरचा होता. आतला नव्हता.

वायसर झिजतो, चिरतो. आवळलेल्या बोल्टाखालून आपोआप निघून जात नाही. बाहेरचा काढला असता तर कुणाही मेस्त्रीला उभ्या उभ्या दिसलं असतं. आतला काढायचं सुचायला आप्पांच्या हाताखाली शिकलेलं असावं लागतं. तशी आम्ही दोघंच होतो.

"कुठं हाय?" मी विचारलं.

बुद्धप्रियने घराकडे बोट दाखवलं. "आप्पांच्या हत्यारांच्या डब्यातच टाकलाय."

"का?"

"तू सणावाराला येतीस. मी हितं ऱ्हातो. आप्पा कुणाचंबी रान फुकट नांगरून द्यायचं. आता समदी माझ्या दारात येत्यात. न्हाय म्हटलं की, देवाप्पाचा पोरगा असून असं, म्हणत्यात. मोडलाय म्हटल्यावर कोण काय म्हणत न्हाय."

"मला सांगायचं हुतंस."

"तू मोडू दिला नसतास."

त्या दिवशी फोनवर मी रडत होते तेव्हा तो गप्प होता. मला वाटलं होतं, तोही रडतोय.

डब्यातून वायसर काढला. चिमट्यात धरून गॅसवर लाल केला आणि पाण्यात बुडवला. असं केलं की तांबं मऊ होतं, नीट बसतं. बोल्ट आवळला, नळीतली हवा काढली. दाराशेजारच्या खिळ्यावरून चावी आणली. दोनदा कुरकुरून इंजिन सुरू झालं. पीठ हादरून खाली पडलं, आणि बोल्टाशी सगळं कोरडं होतं.

"चालती गाडी मी तोडत न्हाय बाबा," म्हणत शामूने कटर उचलला आणि तो गेला.

"मिरवणुकीला मीच चालवतो, आक्का," बुद्धप्रिय चाकाजवळ येऊन म्हणाला.

"मी येणार हाय चालवायला."

मी इंजिन बंद केलं. ती चावी माझ्या आठवणीत कायम खिळ्यावरच असायची. ज्याला लागेल त्याने न्यावी. उतरून मी ती पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. बुद्धप्रिय रिकाम्या खिळ्याकडे बघत होता.