भोंगा गप्प झाला तेव्हा

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला धोत्र्याचं भलंमोठं फूल वाटेन. जवळ आलात की दिसेल तो पोचे पडलेला, कड तुटलेला पत्रा. मी एक जुना भोंगा आहे. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, भजनाच्या पारावर उंच बांबूला बांधलेले माझे भाऊबंद तुमच्या आजीआजोबांनी खूप पाहिले असतील. त्यांना विचारा, ते माझ्याबद्दल बरंवाईट दोन्ही सांगतील.

माझा जन्म हैदराबादच्या एका अरुंद गल्लीत झाला. तिथल्या कारागिरानं साध्या पत्र्याला गोलाई दिली, काठ वळवला, आतून चंदेरी रंग लावला आणि मला वाळलेल्या गवतात गुंडाळून रेल्वेनं उदगीरला धाडलं. स्टेशनावर मला घ्यायला शरणप्पा आला होता. त्यानं गवत बाजूला केलं, माझ्या तोंडात डोकं घालून "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून खुदकन हसला. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

शरणप्पाचा स्वतःचा टांगा होता. टांग्याच्या टपावर मी, बैठकीखाली अँप्लिफायर आणि मोटारीची जुनी बॅटरी, मांडीवर टेपरेकॉर्डर असा आमचा संसार. पुढे जुंपलेला पांढऱ्या नावाचा घोडा इतका शांत, की मी कानापाशी कितीही ओरडलो तरी तो फक्त शेपटी हलवायचा. आम्ही गावोगाव सिनेमाची जाहिरात करत फिरायचो. शरणप्पाचा आवाज भरदार होता आणि सांगण्यात मीठमिरची भरपूर. नायक एका गुंडाला मारत असेल तर शरणप्पाच्या तोंडी पंचवीस गुंड लोळायचे. आमचा आवाज आला की लेकरं जेवण टाकून पळत यायची. गुलाबी, पिवळे जाहिरातीचे कागद वेचायची आणि धुळीतून टांग्यामागं धावत सुटायची.

शरणप्पाच्या बायकोचं नाव जगदेवी. सगळे तिला जगदेवीअक्का म्हणत. ती इतकं हळू बोलायची की शेजारणीला हाक मारायची झाली तरी उठून तिच्या दारापर्यंत जायची. मुरमुऱ्याचा चिवडा मात्र असा करायची की खाणाऱ्याचा हात डब्यातून निघू नये. शेंगदाणे, डाळवं, तळलेला कढीपत्ता आणि वरून ठेचलेला लसूण. सिनेमाच्या तंबूच्या दाराशी बसून ती चिवडा विकायची. नवऱ्यानं माणसं बोलवावीत आणि बायकोनं त्यांना खाऊ घालावं, असं त्यांचं बरं चाललं होतं.

मग ते साल आलं. आमचं उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेलं. पेढे वाटले, फटाके वाजले, त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गात होतो. जिल्हा आला, पण पाऊस आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसू लागले. लग्नं चार माणसांत उरकू लागली, तिथं भोंगा कोण लावणार? माणसं खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. मी घरातल्या खुंटीवर नुसता लटकत राहिलो.

अशात गावाबाहेर तंबूचं टॉकीज आलं आणि आमच्या जिवात जीव आला. पण तंबू रोज अर्धा रिकामा राहायचा. एक दिवस मॅनेजर शरणप्पाला म्हणाला, "आज तंबू भरला तर थांबतो. न्हाई तर उद्या सामान गाडीत टाकून देगलूरला चाललो."

शरणप्पानं त्याला शब्द दिला. सिनेमा मारामारीचा होता, शेवटी एक पूल उडतो. त्यावर शरणप्पानं आरोळी रचली होती, "आज तंबूत बार उडणार हाय!" तो एवढं बोलला की लेकरांनी मागून ओरडायचं, "धडाड् धूम!" आठवडाभर ही आरोळी देऊन त्याचा घसा आधीच बसत आला होता.

त्या दिवशी निघण्याआधी त्यानं स्टँडवरच्या हॉटेलात गरमागरम मिरचीचं भजं तोंडात टाकलं. कुणीतरी हाक मारली म्हणून वळला, आणि मिरचीचं बी घशात अडकलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पाठीवर थापा, गुळाचा खडा. सगळं झालं. ठसका थांबला, पण शरणप्पानं तोंड उघडलं तर आतून फक्त वारा बाहेर आला.

जगदेवीअक्का चिवड्याचा डबा घेऊन तिथं आली तेव्हा तो हातवारे करून तिला समजावत होता. तू चल, माइकमध्ये तू बोल.

"मी? माइकात?" ती मागं सरली. "न्हाई बाई. लोक काय म्हणतील? तुम्ही टेप लावा, गाणं ऐकून येतील ते."

शरणप्पानं तिच्यासमोर नुसते हात जोडले. शेवटी ती टांग्यात बसली, पण माइकला तिनं हात लावला नाही. डबा पायाशी ठेवला, पदर डोक्यावरून ओढला आणि समोर बघत राहिली. शरणप्पानं टेप लावला, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि लगाम हातात घेतला.

दोन गावं झाली. माणसं दारात येऊन बघायची आणि आत जायची. नुसत्या गाण्यावर कोण येणार? शरणप्पाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ऊन असं, की माझा पत्रा तापून लाल होईल की काय असं वाटावं. राहिली होती माळावरची एक वाडी. गाणं ढणाढणा वाजवत आम्ही वाडीकडे निघालो.

वाडीच्या अलीकडे, वाटेच्या कडेला नव्या विहिरीचं काम चालू होतं. उपसलेल्या दगडमातीचा मोठा ढीग वाटेच्या बाजूला होता. त्या दुपारी खडक फोडायला आत सुरुंग भरले होते. रामकिशन नावाच्या माणसाकडे ते काम होतं. त्यानं चौफेर नजर टाकली, कुणी नाही असं पाहिलं, वात पेटवली आणि माणसांना घेऊन पलीकडच्या बांधामागं जाऊन बसला. नेहमीसारखी त्यानं मोठ्यानं हाळीही दिली. पण त्याच वेळी माझं गाणं माळावर पोचलं होतं. वाडीतल्या लेकरांनी ते ऐकलं आणि टांगा आधी कुणाला दिसतो म्हणून सगळी त्या ढिगाच्या वाटेकडच्या उतारावर चढून बसली. रामकिशनच्या आणि लेकरांच्या मध्ये ढीग होता. त्याला ती दिसली नाहीत आणि माझ्या गाण्यापुढं लेकरांना त्याची हाळी ऐकू आली नाही.

आम्ही ढिगापासून हाकेच्या अंतरावर होतो. आणि अचानक टेपनं फीत गिळली. गाणं आधी रेड्यासारखं रेकलं, मग थांबलं. शरणप्पानं कपाळाला हात लावला. टेपचं झाकण उघडलं तर फितीचा नुसता गुंता. आधी आवाज गेला, आता गाणंही गेलं. तो फीत ओढून काढू लागला.

माळावर एकदम शांतता झाली. त्या शांततेत पलीकडच्या बांधावरून आवाज आला.

"ओ टांगेवाले! थांबा तिथंच! बार उडणार हाय! वात पेटलीय!"

रामकिशन बांधावर उभा राहून लाल फडकं हलवत होता. त्यानं फक्त टांगा पाहिला होता. जगदेवीअक्कानं मान वळवली आणि तिला ढिगावरची लेकरं दिसली. आठदहा असतील. हात हलवत होती.

शरणप्पानंही पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. मानेच्या शिरा ताणल्या, पण नुसती फसफस झाली.

जगदेवीअक्कानं माइक उचलला. मित्रांनो, इतक्या वर्षांत तिचा आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता. तो थरथरत आला. "लेकरांनो, खाली उतरा! बार उडणार हाय!"

लेकरांनी टाळ्या पिटल्या आणि एका सुरात उत्तर दिलं, "धडाड् धूम!"

"आरं, खरंच! खराखुरा बार हाय! उतरा!"

"धडाड् धूम!" एक जण तर ढिगावर नाचायला लागला.

आठवडाभर आम्ही तेच शब्द गावोगाव वाटले होते. ते खरे असू शकतात, हे त्या लेकरांना कसं कळावं? जगदेवीअक्कानं इकडंतिकडं पाहिलं. मग पायाशी ठेवलेल्या डब्याला तिनं सगळा जोर लावून लाथ मारली. डबा खाली आपटला, झाकण उडालं आणि पिवळाधमक चिवडा वाटेवर पसरला.

"चिवडा सांडला!" ती माइकमध्ये ओरडली. "समदा चिवडा सांडला! येईल त्याचा चिवडा! या, पळा!"

असा आवाज मी त्याआधी कधी बाहेर टाकला नव्हता. माळाच्या टोकापर्यंत गेला असेल. आईबाप खडीवर गेलेले, सकाळची शिळी भाकरी कधीच जिरलेली. लेकरं ढिगावरून घसरत, गडगडत खाली आली आणि टांग्याकडे सुसाट पळाली.

एक मात्र राहिली. सातआठ वर्षांची पोर, कडेवर लहान भाऊ. ती जपून उतरत होती, आणि निम्म्यात पाय घसरून खालीच बसली. शरणप्पानं लगाम जगदेवीअक्काच्या अंगावर टाकला आणि उडी मारली. धोतर सावरत तो त्या ढिगाकडे पळत सुटला. पांढऱ्यानं कान टवकारले. मी टपावरून सगळं बघत होतो. मला हात नाहीत, पाय नाहीत. त्यानं बाळाला खांद्यावर घेतलं, पोरीचा दंड धरला, वाटेच्या कडेची चर गाठली, आणि जमीन हादरली.

एकामागून एक बार उडाले. ढीग वर उचलल्यासारखा झाला. दगडांचा पाऊस पडला. एक दगड माझ्या काठावर असा आदळला की पत्र्याचा तुकडाच उडाला. आमचा शांत पांढऱ्या दोन पायांवर उभा राहिला. जगदेवीअक्का एका हातानं लगाम ओढत होती, दुसऱ्या मुठीत माइक तसाच होता. तिचा धापा टाकणारा श्वास माझ्यातून साऱ्या शिवारात ऐकू जात होता.

समोर नुसती धूळ. चर दिसेना, माणूस दिसेना.

"अवं..." ती म्हणाली. "अवं, ऐकताय का?"

तिला कळत होतं, की तो जिवंत असला तरी त्याला ओ देता येणार नाही. तरी ती धुळीकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून जिनं उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ती जगदेवीअक्का मग माइकमध्ये किंचाळली, "शरणप्पा! शरणप्पा!"

वाडी, माळ, खडीचं काम, सगळीकडे ते नाव गेलं. खडीवर हातोडे थांबले.

धुळीतून आधी बाळाचं रडणं आलं. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला शरणप्पा चरीतून वर आला. खांद्यावर बाळ, हाताला पोर. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. जगदेवीअक्का मात्र माइक तोंडाशी असतानाच रडली. तेही सगळ्यांनी ऐकलं.

रामकिशन धावत आला. लेकरं पाहून त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. "माय, मी बघितलं होतं. कुणीच नव्हतं तिथं," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. त्या पोरीची आई नागम्मा खडीवरून अनवाणी पळत आली. तिनं दोन्ही लेकरांना आधी चापट्या मारल्या, मग पोटाशी धरलं. नंतर तिनं घरातून सूप आणलं, मातीतला चिवडा गोळा केला, पाखडला आणि जगदेवीअक्कासमोर ठेवला.

"ऱ्हाऊ दे माय," जगदेवीअक्का म्हणाली. "लेकरांनाच दे."

त्या संध्याकाळी तंबू भरला नाही. दुसऱ्या दिवशी टॉकीज खरोखरच देगलूरला निघून गेलं. शरणप्पा उदास होऊन अंगणात बसला. चार दिवसांनी त्याचा आवाज परत आला, पण त्यानं माइक परत घेतला नाही. पुढं पाण्याचे टँकर सुरू झाले आणि कुठल्या वाडीला टँकर कधी येणार हे सांगायचं काम आम्हाला मिळालं. शरणप्पा टांगा हाकायचा, जगदेवीअक्का बोलायची. दोन वाक्यं बोलली की ती बटण बंद करायची आणि थोडा वेळ नुसती बसायची. कुणी हाक मारतंय का, कुणी काही विचारतंय का, ते ऐकायची. मगच पुढचं बोलायची. अक्कानं टँकर येतो म्हटलं, की बायका घागरी घेऊन बाहेर यायच्या. आजच येणार का, असं कुणी विचारायचं नाही.

माझ्या तुटलेल्या काठामुळे आवाज थोडा फाटका यायचा. लोक म्हणायचे, नवा भोंगा घ्या. शरणप्पानं घेतला नाही. मग चांगले पाऊस झाले, गावोगाव टीव्ही आले, मोठमोठ्या काळ्या पेट्या आल्या. पांढऱ्या गेला, टांगा मोडीत निघाला, एका पावसाळ्यात शरणप्पाही गेला. आता मी माळ्यावर जुन्या गाद्यांमागं पडून आहे. जगदेवीअक्का फार थकली आहे. तिच्याच्यानं शिडी चढवत नाही, म्हणून सणासुदीला ती नातवाला वर पाठवते आणि मला खाली आणून पुसून घेते. एरवी माझ्यावर धूळ आहे, कोळ्याचं जाळं आहे. मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, एखाद्या भोंग्याला भंगारात घालण्याआधी एकदा पुसून बघा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. आता तुमच्या प्रत्येकाच्या हातात माझ्याहून मोठा आवाज आहे. तो जरूर वाजवा, गाणी लावा, गंमत करा. पण मधूनमधून तो बंदही करा. पलीकडच्या बांधावरून कुणीतरी तुम्हाला काही सांगत असेल.