काचेची खिडकी

संध्याकाळपर्यंत चिपच्या कारखान्याला निरोप द्यायचा होता, आणि धाकटी अजून टेबलावरच्या दोन चिपांकडे बघत बसली होती.

बटण दाबताच घरगुती संगणकाला जाग आणणारा प्रोग्रॅम तिने आठ महिने खपून लिहिला होता. तो साठवायचा कशात, एवढेच ठरायचे होते. एक चिप काळी, तोंड मिटलेली. तिच्यात कारखाना प्रोग्रॅम कायमचा कोरून देई, मग त्यात काडीचाही बदल करता येत नसे. दुसरीच्या पाठीवर काचेची चिमुकली खिडकी. तिच्यातले लिखाण अतिनील दिव्याखाली पुसून नव्याने भरता येई, पण एकेक चिप हाताने भरावी लागे.

"आत्याबाई, काचेचीच घेऊ या."

आत्याबाई म्हणजे कार्यशाळेच्या मालकीण आणि तिच्या वडिलांची थोरली बहीण. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "पाच हजार चिपा भरत कोण बसणार? तुझा बाप?"

"चूक निघाली तर दुरुस्त करता येईल."

"चूक आहे का?"

तावदानाशी ठेवलेला नमुन्याचा संगणक कित्येक महिने बिनतक्रार चालला होता; गेल्या पंधरवड्यात मात्र सुरू होता होता मध्येच थिजू लागला होता. धाकटीने हे कुणालाच सांगितले नव्हते. काळी चिप घेतली, तर तिची चूक पाच हजार घरांत ठाण मांडून बसणार होती.

दुपार कलली. नमुन्याच्या उघड्या पेटीत ऊन उतरले आणि त्यातल्या चिपची काच तळ्यासारखी चमकू लागली. धाकटीला वाटले, आपण त्या तळ्याच्या काठी उभ्या आहोत. तळाशी आपली अक्षरे माशांसारखी संथ फिरत आहेत, आणि ऊन हात घालून एकेकाला अलगद उचलून नेत आहे.

ती दचकली. काच चमकतेच कशी? त्या खिडकीवर तिने स्वतः जाड पट्टी चिकटवली होती.

"आत्याबाई, इथली पट्टी कुठे गेली?"

"मी काढली. झाले की चार महिने! पाहुणे आतला नाजूक चौकोन बघून हरखतात. दागिना कुणी झाकून ठेवतं का?"

धाकटीने चिप उपसली आणि मूळ प्रोग्रॅमशी ताडून पाहिली. अकरा जागी फरक होता, आणि अकराही जागी शून्याचा एक झाला होता. उन्हातही असणाऱ्या अतिनील प्रकाशाने चिप पुसली जाते, तेव्हा असेच होते. तिने नवी चिप भरली, खिडकी झाकली, बसवली. शंभर वेळा संगणक बंद केला, शंभर वेळा सुरू केला. एकदाही तो अडला नाही.

"उन्हानं पुसला तुमचा दागिना," ती हसू दाबत म्हणाली. "पंधरा दिवस मध्येच अडत होता. मला वाटलं, माझीच चूक."

आत्याबाईंनी चष्मा उतरवला. "आणि तू तोंड शिवून बसलीस? मी काय खाणार होते तुला?"

"तुमचा नेम नाही."

"अगं, चूक माझी आहे, आणि वर टोमणा मलाच!" त्यांनी कारखान्याचा कागद पुढे सरकवला. "बोल, कुठली?"

"काळी."

"मग सही कर."

"सही तर तुमची लागते ना?"

"प्रोग्रॅम कुणाचा आहे?"

धाकटीने लेखणी उचलली. कुठल्या कुठल्या अनोळखी खोल्यांतून संगणकांचे पडदे हलकेच उजळत असल्याचे तिला दिसत होते. तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिले.