दाराखालची तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. काळी, दहा मीटर लांब, दोन्ही टोकांना चपटं तोंड असलेली. दुकानात मला केबल म्हणत, घरात सगळे तारच म्हणतात. संगणकावरचं चित्र टीव्हीपर्यंत पोहोचवणं हे माझं काम होतं. आता मी एका खिळ्याला वेटोळं होऊन लटकले आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज होणार नाही: मला डोळे नाहीत. आयुष्यभर मी चेहरे वाहिले, एकही पाहिला नाही; पाहिल्यासारखं जे सांगेन ते घरच्यांच्या बोलण्यातून कळलेलं. चेहरा माझ्यातून जातो तेव्हा मला फक्त थरथर जाणवते, झोपलेल्या माणसाच्या पापणीखाली काहीतरी हलावं तशी.

केसाएवढ्या बारीक तांब्याच्या धाग्यांची जुडी वळून, तिच्यावर चंदेरी वर्ख गुंडाळून मला घडवण्यात आलं. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने माझ्यातून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग पाठवले, “चांगली आहे,” असं पुटपुटली आणि मला खोक्यात टाकलं. माझ्याविषयी कोणी काढलेला तो पहिला उद्गार.

मला विकत घेतलं ते नकाशे काढण्यात हयात घालवलेल्या एका गृहस्थांनी. त्यांचा संगणक पुढच्या खोलीत होता आणि टीव्ही मागच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर. घर भाड्याचं, भिंतीला आरपार भोक पाडायची मुभा नव्हती. म्हणून त्यांनी मला मधल्या दाराखालून, बिजागरीच्या कोपऱ्यातून ओढून नेलं. संगणकाला त्यांनी बजावून ठेवलं होतं की तार जोडलेली असेल तर चित्र आणि आवाज फक्त टीव्हीवर जावा, नसेल तर आपल्यापाशीच ठेवावा. “एकच चित्र दोन ठिकाणी कशाला? उधळपट्टी नुसती!” असं ते म्हणायचे. दुपारी ते पत्नीशेजारी पलंगावर बसून जुने नकाशे आणि जुने फोटो पाहत. घरात वारा फार खेळायचा. बसल्या बसल्या त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, “दार लावलंस का गं?” आणि बाई उठून दार लावत.

प्रत्येक वेळी दाराची खालची कड मला त्या कोपऱ्यात चेपत असे. पहिल्या वर्षी मला काही वाटलं नाही. पाचव्या वर्षी तिथे एक कळ राहू लागली. पण तारेची कळ कोण विचारतो? वरचं कातडं शाबूत होतं.

मग एके दिवशी ते गृहस्थ घरातून गेले आणि परत आले नाहीत. वर्षभर माझ्यातून काहीही गेलं नाही. धूळ मात्र नियमाने येत राहिली.

वर्षानंतर त्यांची मुलगी आईकडे राहायला आली, कारण आईची दृष्टी विझत चालली होती. गुरुवारी डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी लपवलं नव्हतं: दृष्टी सुधारेल, किंवा आहे तीही जाईल. जाता जाता ते आणखी एक बोलले होते, की विझत्या डोळ्यांना कधीकधी नसलेलं दिसू लागतं. घाबरू नका, पण लक्ष ठेवा. ते वाक्य मुलीच्या मनात पाल चुकचुकावी तसं राहिलं.

आईची मागणी एवढीच होती, की त्याआधी आपल्या गेलेल्या नवऱ्याला एकदा पाहायचं. संगणकात त्यांची एकच चित्रफीत होती, तीन मिनिटांची, चुकून घेतली गेलेली. तिच्यात ते चष्मा पुसत बसलेले आहेत आणि कॅमेरा चालू झाला आहे हे त्यांच्या गावीही नाही. संगणकाच्या लहान पडद्यावर आईला नुसता करडा डाग दिसे. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर कदाचित माणूस दिसला असता.

मुलीने पुढच्या खोलीत चित्रफीत सुरू केली, ती संपली की पुन्हा सुरू व्हावी अशी सोय केली आणि मागे येऊन पाहिलं. टीव्हीवर दोनच शब्द होते, ‘सिग्नल नाही’. ती परत गेली. तिच्या पाठीमागे, वर्षानुवर्षांच्या सवयीने, आईने दार लावून घेतलं.

तत्क्षणी माझ्या अंगातून थरथर गेली.

पुढच्या खोलीत वडिलांचं वाक्य अर्ध्यात तुटलं आणि संगणकाचा पडदा काळा पडला. मुलीने कळा दाबल्या, माउस हलवला, काही होईना. ती पुन्हा धावत मागे गेली आणि तिने दार उघडलं. टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. आई मात्र पलंगाच्या कडेला पुढे झुकून बसली होती, गाल ओले होते.

“काय झालं, आई?”

“दिसले. चष्मा पुसत होते.” आई त्या रिकाम्या पडद्याकडेच बघत म्हणाली, “तू आलीस आणि ते गेले.”

त्याच वेळी मुलीच्या पाठीमागून, पुढच्या रिकाम्या खोलीतून, वडिलांचा आवाज आला, “चालू झालं का गं हे?”

मित्रांनो, तीन दिवस हे असंच चाललं. मुलगी बाहेर असली की ते आत असत. ती आत आली की ते बाहेर बोलू लागत. एका दुपारी तिने बंद दाराला कान लावला. आत कोणीतरी पुटपुटत होतं. तिने दार ढकललं, तर पुटपुटणं तिच्या खांद्यावरून मागे गेलं. त्यानंतर ती पुढच्या खोलीत एकटी बसेना. तिने डॉक्टरांना फोन केला. फोन ठेवून ती आईला म्हणाली, “हे भास आहेत, आई. आपण तो टीव्हीच काढून टाकू.”

 आई म्हणाली, “काढ. पण आधी कोणाला तरी दाखव. डोळे मिटायच्या आधी मी माणूस पाहिला की भास, एवढं तरी मला कळू दे.”

बुधवारी दुरुस्तीवाला आला. खांद्याला पिशवी, जिभेला हाड नाही.

“ताई, अर्धी दुखणी बंद करून चालू केल्यावर बरी होतात,” तो म्हणाला. “उरलेल्या अर्ध्यांना लोक माझ्याआधी मांत्रिकाला बोलावतात.”

त्याने बंद करून चालू केलं. रिमोट घेऊन टीव्हीला कुठल्या भोकातून चित्र घ्यायचं ते सांगून पाहिलं. माझी टोकं उलटसुलट लावली. पिशवीतली आखूड तार काढून टीव्हीला आपलं यंत्र जोडलं, तर टीव्ही ठणठणीत. संगणकही स्वतःच्या पडद्यावर ठणठणीत. हे सगळं करताना दार सताड उघडं होतं. शेवटी मला पुन्हा दोन्हीकडे जोडून त्याने हात झटकले.

“टीव्ही चांगला, संगणक चांगला. तार मेलीय. नवीन टाकू.”

 मुलीने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात दया होती, आणि दयेइतकं कठोर काही नसतं.

“तार मेलीय,” आई हळूच म्हणाली. “मग तीन दिवस मी काय पाहिलं?”

“मावशी, डोळे थकले की होतं असं.”

“बाबा रे, डोळे माझे थकलेत, डोकं नाही. एक ऐक. दार लाव आणि इथे बस. तू पण गं. दोघंही बसा. इतके दिवस जो तो दार उघडून बघतो आणि निघून जातो.”

दुरुस्तीवाला हसला, पण बसला. मुलीने दार लावलं.

आधी पडदा एकदा लवला. मग, त्या दोघांनी नंतर सांगितलं त्यावरून मला कळलं, खुर्चीत एक माणूस आला. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसणारा, दिव्याकडे धरून काचा पाहणारा. मुलीचा हात तोंडावर गेला. पडद्यातला माणूस थांबला, त्याने चष्मा चढवला, त्यांच्या दिशेने मान वळवली आणि विचारलं,

“दार लावलंस का गं?”

दुरुस्तीवाला ताडकन उभा राहिला. त्याने दार उघडलं, माणूस गेला. लावलं, माणूस आला. तेव्हा कुठे तो गुडघ्यांवर बसला आणि बिजागरीच्या कोपऱ्यात त्याने मला बोटांनी चाचपलं. बरोबर त्या कळेच्या जागी त्याचं बोट थांबलं.

“आतून तुटलीय,” तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “दार लागलं की दाबाने टोकं टेकतात. उघडलं की सुटतात. मावशी, तुम्ही बरोबर होता. चुकलो आम्हीच.”

मुलीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. “आई, मलाही दिसले,” एवढंच तिला म्हणता आलं.

त्या संध्याकाळी चौकटीवरून नवी तार टाकली. मला आईने फेकू दिलं नाही. म्हणून मी मागच्या खोलीतल्या या खिळ्यावर आहे. शस्त्रक्रियेनंतर आईला उजेड कळतो, दाराची चौकट कळते. चेहरा कळत नाही. पण शेवटचा पाहिलेला चेहरा खरा होता, हे तिला ठाऊक आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना दाराखाली चेपू नका. आम्ही ओरडत नाही, आतल्या आत तुटतो. आणि बंद खोलीतलं कोणी म्हणालं की मला दिसतं, तर दारातूनच नाही म्हणून परतू नका. आत जा, दार लावा, शेजारी बसा.

एक शेवटचं. परवा दुपारी वीज गेली होती. टीव्ही काळा, संगणक बंद, मी तर कशालाच जोडलेली नाही. खोलीत आई एकटी होती. अचानक ती उठली, भिंत चाचपत गेली, तिने दार लावलं आणि पलंगाकडे वळून म्हणाली, “लावलं हो.”

माझ्या तुटलेल्या टोकांमधून थरथर गेली.