ग्रिलवरचं वांगं

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत मांस-मच्छी शिजवायची नाही, हा नियम दिवाकर गायधनींनी आणला. चेअरमन तेच. आणि दर रविवारी संध्याकाळी स्वतःच्या बाल्कनीत कोंबडीची तंगडी चोखत बसणारेही तेच. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, दुसरं काय!

गॅसवर चालणारी ती ग्रिल त्यांच्या मुलानं, विहंगनं आणली. दिवाकररावांनी अट घातली, "घरातल्या भांड्याला शिवायचं नाही. बाल्कनीत काय ते करा." मग बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा लागला, कुणाला दिसू नये म्हणून. वास जाऊ नये म्हणून हॉलमध्ये धूप जळायला लागला. त्या पडद्याआड सिलिंडर, नळी, जाळ आणि दोन पुरुष. हवा यायला बोटभर फट नाही.

ग्रिलच्या खाली चरबी गळून साठते, तिच्यासाठी एक ट्रे असतो. तो दर वेळी धुवावा लागतो, नाहीतर पेटतो. पण गायधन्यांकडे धुवायचा कुठे? स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नेला तर घर बाटलं. मोरीत देवाची भांडी घासली जातात. भांडीवाल्या भागीबाईला द्यावा तर ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगणार. मग तो ट्रे धुतलाच जात नव्हता. पुढच्या रविवारची चरबी मागच्या रविवारच्या चरबीवर साठत होती, आणि सोवळं शाबूत होतं!

दिवाकररावांच्या बायकोला, सुमेधाताईंना, हे सगळं दिसत होतं. त्या स्वतः खात नव्हत्या आणि बोलतही नव्हत्या. त्या घरात बोलून उपयोग नाही, हे त्या लग्नानंतर लगेचच शिकल्या होत्या. नवरा हुकूम सोडायचा, मुलगा मोबाइलमधून मान वर न करता हुं म्हणायचा. माणसासारखं बोलायची ती एकटी सून, मृण्मयी. ऑफिसातून आली की ओट्यावर चढून बसायची, शेंगदाणे तोंडात टाकायची आणि "आई, आज काय गंमत झाली ऐका" म्हणून सुरू व्हायची. ही पोर नसती तर आपण भिंतींशी बोललो असतो, असं सुमेधाताईंना नेहमी वाटायचं. तिला गमावायची त्यांना खरीखुरी भीती वाटायची.

मृण्मयी सायखेड्याची. "आमच्याकडे मटण शिजलं की गल्लीला कळतं, बाबा. कुणाचं काही बिघडत नाही," असं ती सासऱ्याला तोंडावर सांगायची. सुमेधाताई तेव्हा पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या रविवारी ट्रे काठोकाठ भरला होता.

"बाबा, आज नको. हा पेट घेईल," मृण्मयी म्हणाली. "मी खालच्या नळावर धुऊन आणते."

"खाली? सगळ्यांसमोर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग पडदा तरी वर करा. जाळाजवळ प्लास्टिक कुणी ठेवतं का?"

"पडद्याला हात लावायचा नाही!"

सुमेधाताई दारातच होत्या. पोर बरोबर बोलतेय, हे त्यांना कळत होतं. एक शब्द त्यांनी तेव्हा बोलायला हवा होता. पण त्या धूप लावायला आत वळल्या.

त्या पाठमोऱ्या असतानाच ट्रेनं भपकन पेट घेतला. घाबरलेल्या विहंगनं हातातला पाण्याचा जग त्यावर ओतला. "पाणी नको, विहंग!" मृण्मयी ओरडली, पण पेटती चरबी उसळून पडद्यावर गेलीच. विहंग घरात पळाला. दिवाकरराव त्याच्याही आधी पळाले होते. मृण्मयी मात्र वाकून पुढे घुसली, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि ग्रिलचं झाकण आपटून लावलं. तेवढ्यात पेटलेला पडदा वरून सुटला आणि वितळतं प्लास्टिक तिच्या दोन्ही हातांवर आलं. सुमेधाताईंनी बादलीतली ओली चादर तशीच त्या पडद्यावर टाकली, सुनेला ओढत आत आणलं आणि तिचे हात नळाखाली धरले. पोर ओठ चावत उभी होती. सुमेधाताईच रडत होत्या.

बाहेर बेल वाजायला लागली. "काका, दार उघडा! धूर येतोय!" शेजारचा योगेश आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन दार बडवत होता.

दिवाकररावांनी दार उघडलं नाही. आधी कोंबडीची ताटली बाथरूममध्ये बादलीमागे सरकवली. मग फ्रिज उघडला, भरताचं वांगं काढलं, बाल्कनीत गेले आणि ग्रिलचं झाकण उघडून ते काळ्या जाळीवर ठेवलं. असं झाकण इतक्यात उघडू नये, आग पुन्हा उठते. पण चेअरमनला कोण सांगणार? मग त्यांनी शर्ट नीट केला आणि दार उघडलं.

"भरीत भाजत होतो," ते म्हणाले.

योगेशनं जळलेल्या जाळीवरच्या त्या टवटवीत वांग्याकडे पाहिलं आणि तो गाडीची किल्ली आणायला वळला. त्याच्याच गाडीतून मृण्मयीला हॉस्पिटलमध्ये नेलं.

लग्न झालेली बाई भाजली की पोलिसांत कळवावं लागतं. जबाब घ्यायला सविता नावाची हवालदार आली. तोवर सायखेड्याहून मृण्मयीची आई चंद्रभागाही पोचली होती.

"मृण्मयीनं सांगितलंय ते लिहिलंय मी," सविता म्हणाली. "पण यांचं म्हणणं वेगळं आहे."

"अहो, तिनंच हट्ट धरला," दिवाकरराव ठामपणे म्हणाले. "वांगी बाहेर भाजते म्हणाली. आजकालच्या मुलींना घाई फार. लक्ष नव्हतं तिचं."

विहंग जमिनीकडे बघत राहिला. सख्खा नवरा! चंद्रभागा त्याच्यावर ओरडली, "जावईबापू, थोबाड शिवलंय का तुमचं? माझी पोर चुलीपाशी वाढलेली हाय, तिला जाळ कळत नाय व्हय?"

कॉटवरून मृण्मयी हळूच म्हणाली, "ताई, आईंना विचारा. माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत."

सगळ्यांच्या नजरा सुमेधाताईंवर आल्या. दिवाकरराव चष्म्यावरून बघत होते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बघायचे तसेच. सुमेधाताईंच्या मनात एकाच वेळी सगळं आलं. उद्या बिल्डिंग हसेल, याचं चेअरमनपद जाईल, मग हा माणूस मरेपर्यंत घरात ते उगाळत बसेल. शिवाय आपलेच दात, आपलेच ओठ. पोर समजूतदार आहे, तिला नंतर समजावता येईल. समोर दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून पोर विश्वासानं वाट बघत होती.

"भरीतच," सुमेधाताई म्हणाल्या. "वांगं होतं."

सवितानं लिहून घेतलं. मृण्मयी रडली नाही की चिडली नाही. तिनं फक्त तोंड भिंतीकडे वळवलं.

डिस्चार्ज मिळाल्यावर ती आईबरोबर सायखेड्याला गेली. विहंग दोनदा तिला आणायला गेला, दोन्ही वेळा एकटाच परत आला. सोसायटीच्या फलकावर चेअरमनच्या सहीची सूचना लागली, बाल्कनीत वांगी भाजण्यास सक्त मनाई आहे. माणसं ती वाचून लिफ्टमध्ये हसत होती. म्हणजे सगळ्यांना सगळं कळलंच होतं. ज्या अब्रूसाठी सुमेधाताईंनी जीभ विकली ती अब्रू कधीच गेली होती.

शेवटी न राहवून त्यांनी फोन लावला.

"बाळा, हात कसे आहेत?"

"बरे होतायत. मुठी अजून मिटत नाहीत नीट."

"घरी ये गं. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. मी तुला पुन्हा त्या ग्रिलजवळ जाऊ देणार नाही. शपथ घेते."



"आई, मला ग्रिलची भीती नाही वाटत," मृण्मयी म्हणाली. "गॅस कुठून बंद करायचा, ते मला माहीत होतं. भीती तुमची वाटते."