चौथीतली विजयमाला

अर्जुना लढाईवरून सुटून गावी आला तो सेहेचाळीस साली, हुरड्याच्या दिवसांत. तो पलटणीत भरती झाला तेव्हा लेक विजयमाला नुकती पहिलीत बसली होती. आता चौथीत होती. इटलीत असताना भेटेल त्याला त्यानं सांगितलं होतं, आमची पोरगी साळंत जाती म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला बघायला मुद्दाम शाळेत गेला.

आत पोरं पाढे म्हणत होती. पोरगी एकही नव्हती. मागच्या अंगाला वळला तर पाच-सहा जणी पडवी सारवत होत्या. त्यात विजयमाला, कोपरापर्यंत शेणानं भरलेली.

"आज सण हाय काय गं?"

"न्हाई आबा. रोजच असतंय. सारवून झालं की मास्तरांच्या घरचं पानी."

"मग शिकतीस कवा?"

तिनं शेणाचा हात पुन्हा पडवीवर फिरवला. अर्जुनानं काडीनं मातीत तिचं नाव काढलं. त्याला स्वतःला अक्षर पलटणीत आलं होतं.

"वाच."

"मला न्हाई येत," ती म्हणाली. "पोरींची साळा अशीच असती की."

अर्जुनानं काडी टाकून दिली. एवढ्यात मास्तर बाहेर आले.

"मुलींना शिकून काय करायचंय, अर्जुनराव? हजेरी लावतो, दर साली वर चढवतो."

"साळा बोर्डाची हाय. सारा भरताना साळंसाठी लोकलफंड घेत्यात, तवा पोरीच्या बापाला सूट देत्यात व्हय?"

"मुलींना कामाला लावू नये, असा नियम दाखवा मला," मास्तर शांतपणे म्हणाले.

अर्जुनाला असा नियम ठाऊक नव्हता. असा नियम लागतो, हेच त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं बायकोला, हरणाबाईला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नाही.

"तुमास्नी ठावं न्हवतं? मी बी दोन वर्सं तेच केलं. मग आईनं घरातच ठेवली."

"तुला अक्षर लागत न्हाई, असं तुजा बाप सोयरिकीत म्हनला हुता."

"कुनी दावलंच न्हाई, तर लागंल कसं?"

बारा वर्षं संसार केलेल्या बाईकडं तो परक्यासारखा बघत राहिला.

दुपारी तो पुन्हा गेला आणि शाळेच्या उंबऱ्यात बसला. "पोरी आत बसल्याबिगर मी उठत न्हाई," एवढंच बोलला. चार दिवस तो येत राहिला. गावानं त्याला खुळ्यात काढलं, सख्ख्या भावानं बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी मास्तरांनी, तोंड फिरवूनच, पोरींना आत बोलावलं.

विजयमालाला पहिलीतल्या पोरांच्या रांगेत बसवलं. गुडघे पोटाशी घेऊन बसली तरी ती सगळ्यांत उंच दिसत होती. चौथीतली पोरं हसली. तिनं मान वर केली नाही. पाटीवर वाकडातिकडा 'ग' काढला, हातानं पुसला आणि परत काढायला घेतला.