निवडीआधीचा हिवाळा

मेल हलाबुराला एका खुर्चीवर सबंध सामना बसवत नसे. पहिला भाग गोलमागच्या कोपऱ्यात, दुसरा पार वर छताखाली, तिसरा बर्फाभोवतीच्या काचेला नाक लावून, असं त्याचं चाले. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात गावोगावच्या बर्फाच्या रिंकांवर लोक त्याला ओळखत ते या भटकण्यावरूनच. व्यावसायिक आइस हॉकीच्या एका क्लबासाठी तो पोरं हेरायचा. जूनमध्ये निवड असे. सगळे क्लब पाळीपाळीनं कोवळी पोरं उचलत, आणि त्याआधीचा अख्खा हिवाळा हलाबुराच्या पायाला भिंगरी.

त्या वर्षी त्याचा जीव जडला होता आयझॅक थीसेनवर. पोरगा बचावफळीत खेळायचा. अंगानं बेताचाच, पण पक, म्हणजे ती रबरी चकती, घ्यायला वळण्याआधी खांद्यावरून एक नजर मागं टाकायचा आणि अंगावर येणाऱ्याला हुलकावणी देऊन निघून जायचा. हे कुणाला शिकवून येत नाही, असं हलाबुरानं आपल्या साहेबाला, फिल गास्कनला, फोनवर पुन्हापुन्हा ऐकवलं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मात्र पोरगा मागं बघतच नव्हता. भिंतीवर आदळला, उठला, परत आदळला. शिट्टी वाजली की मान खाली घालून डोळे मिटून घ्यायचा.

"काय रे मेल," दुसऱ्या क्लबासाठी पोरं हेरणारा लेनी पॉपकॉर्न चघळत म्हणाला, "तुझा हिरा आज काच निघाला की!"

"गप खा."

तेवढ्यात खेळाडू बदलले आणि आयझॅक सरळ प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे निघाला. एका सोबत्यानं शर्टाला धरून त्याला ओढून आणलं. लोक हसले. लेनीही हसला.

सामन्यानंतर तो पोराला भेटला. आयझॅकनं टोपी डोळ्यांवर ओढली होती.

"सर, तुम्ही उद्या आमच्याकडे जेवायला येताय ना? आईनं विचारलंय."

"येतो की."

घरच्यांची, शाळेची चौकशी झाली. निघताना पोरगा परत म्हणाला, "सर, तुम्ही उद्या आमच्याकडे जेवायला येताय ना?"

त्या रात्री हलाबुराला झोप लागली नाही.

रविवारी दुपारी थीसेनांच्या टेबलावर घरचे सॉसेज होते, सायीच्या रश्शातले वेरेनिके, म्हणजे उकडलेल्या करंज्या, होते. आई लोरेटा आग्रह करकरून वाढत होती. बाप एब एरवी चर्चमध्येही तोंड उघडायचा नाही म्हणे, पण आज त्याची गाडी सुसाट सुटली होती. "जूनमध्ये पेरण्या उरकल्या की आम्ही सगळेच येणार निवडीला. हिच्या माहेरचेसुद्धा! नवा कोट शिवायला टाकलाय मी."

आयझॅकनं दोन घास खाल्ले आणि तळघरात निघून गेला. जुने सामने दाखव म्हणून हलाबुरा त्याच्यामागून उतरला. खाली दिवा बंद. पोरगा सोफ्यावर, डोळ्यांवर आडवा हात.

"कधी लागलं?"

पोरानं हात डोळ्यांवर आणखी घट्ट दाबला.

"आयझॅक, मी कालपासून बघतोय."

"नाताळच्या सुट्टीनंतर. काचेवर डोकं आपटलं." मग तो एकदम उठून बसला. "सर, कुणाला सांगू नका. कोचलाही माहीत नाही. फक्त जूनपर्यंत. नंतर मी स्वतः डॉक्टरकडे जातो, देवाशपथ!"

"वाचता येतं का तुला?"

"ओळी हलतात. पण पक दिसतो ना मला!"

हलाबुरानं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर आला, लोरेटाचे आभार मानले, गाडीत बसला. गावाबाहेर, धान्याच्या उंच कोठारापाशी त्यानं गाडी थांबवली आणि गास्कनला फोन लावला.

"मग यादीतून काट त्याला," गास्कन म्हणाला. "बरं झालं, वेळेवर कळलं."

"आणि पोराचं काय?"

"काय म्हणजे? तो आपला आहे का? तू पोरं बघायला जातोस मेल, वाचवायला नाही. गप घरी जा."

हलाबुरा गाडीतून उतरला. बर्फात येरझाऱ्या घातल्या. कानाच्या पाळ्या बधिर झाल्या तरी पाय थांबेनात. आणखी एक धक्का, मग? पोरगा बर्फावर पडलेला त्याला स्वच्छ दिसला. त्यानं गाडी वळवली.

लोरेटा भांडी विसळत होती. "अहो, काही राहिलं का तुमचं?"

"राहिलं. एबलाही बोलवा."

त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एबचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "माझा पोरगा माझ्याशी खोटं बोलेल? तुम्हाला तो नको असेल तर तसं सांगा की तोंडावर!"

लोरेटानं ओले हात पुसलेसुद्धा नाहीत. तळघराच्या दारापाशी जाऊन तिनं हाक मारली, "आयझॅक, वर ये. आत्ता."

पोरगा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. उजेडानं डोळे बारीक करून त्यानं हलाबुराकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं, असं ते पाहणं होतं.

डॉक्टरांनी उरलेला मोसम त्याला बर्फावर पाऊल ठेवू दिलं नाही. बातमी सगळ्या क्लबांत पसरली. जूनमध्ये शेवटच्या फेरीपर्यंत हलाबुरा गास्कनच्या कानाशी लागला होता. "घे रे त्याला. शेवटचं तर नाव आहे, काय जातं आपलं?" गास्कननं एका उंच फिनिश पोराचं नाव पुकारलं. थीसेनचं नाव कुणीच पुकारलं नाही. एब आलाच नव्हता.

उन्हाळाभर हलाबुरा घरात एका जागी टिकला नाही. बायको म्हणायची, "बस की जरा, जमीन झिजेल!" लोरेटाचा एकदा फोन आला. पोरगा आता पुस्तक वाचतो, बापाबरोबर शेतात जातो. "तुमचं नाव काढलं की उठून जातो मात्र," ती म्हणाली. "मी काढते तरी."

सप्टेंबरच्या शेवटी अनोळखी नंबर वाजला.

"आयझॅक बोलतोय. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. शनिवारी खेळतोय."

"अरे वा! मी—"

"यायचं तर या. पण मला दिसाल असे बसू नका."

फोन कट झाला.

शनिवारी हलाबुरा गेला. बसायचा प्रश्नच नव्हता. सगळ्यात वरच्या रांगेमागं, खांबाआड, तो उभा राहिला. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी आयझॅकला काचेवर दाबलं. लोक ओरडले. हलाबुरानं खांब घट्ट धरला. पोरगा उठला, हेल्मेट सारखं केलं आणि आपल्याच बाकाकडे गेला. तिथून मान वर करून त्यानं रांगांवरून नजर फिरवली, एकदा, परत एकदा.

हलाबुरा खांबामागं आणखी सरकला.